वडिलांच्या नावावरचा फ्लॅट वारसांच्या नावावर करताना: पुण्यात काय, कुठे, कोणत्या क्रमाने

माणूस गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी घरातलं कोणीतरी सोसायटीच्या ऑफिसात जातं आणि तिथे पहिला प्रश्न येतो, 'नॉमिनी कोण?' बँकेतही तेच विचारतात. त्यामुळे नॉमिनीचं नाव लागलं की काम झालं, असा समज होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आधी पाहायचं ते हे: कायद्याने वारस कोण, आणि कोणाचा हिस्सा किती. हा हिशोब कागदावर मांडून झाल्याशिवाय कुठेही अर्ज करू नका. कोणता दाखला लागेल, हक्कसोड (आपला हिस्सा दुसऱ्या वारसाला सोडून देणं) कोणी कोणाला करायची, सही कोणाकोणाची लागेल, हे सगळं त्यातूनच ठरतं.

खालचं विवेचन हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत हिस्से वेगळे निघतात. कार्यालयांतल्या पायऱ्या मात्र बऱ्याचशा याच.

हिश्श्यांचा हिशोब

मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते: मुलगे, मुली, पत्नी आणि आई. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं आणि आधी वारलेल्या मुलाची विधवाही यात येतात. मुलीचं लग्न झालंय की नाही याने काही फरक पडत नाही. वडील या वर्गात नाहीत, आई आहे. आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधला फ्लॅट नवरा-बायकोने निम्मा-निम्मा घेतलेला. नवरा वारला. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि त्याची म्हातारी आई. फ्लॅटचा अर्धा भाग पत्नीचा स्वतःचाच आहे, त्याला वारसाचा प्रश्नच नाही. उरलेल्या अर्ध्याचे चार भाग होतात, म्हणजे प्रत्येकी १/८. पत्नीकडे एकूण ५/८, मुलगा १/८, मुलगी १/८, आजी १/८.

आता समजा कोणी काहीच केलं नाही आणि तीन वर्षांनी आजीही वारली. तिला तीन अपत्यं: हा वारलेला मुलगा, दुसरा मुलगा आणि एक मुलगी. आजीच्या १/८ चे तीन भाग होतात. काकांना १/२४, आत्याला १/२४, आणि नातवंडांच्या वाट्याला दोघांत मिळून १/२४. फ्लॅट विकायला काढला की घेणाऱ्याचा वकील काका आणि आत्याची सही मागणार, आणि ते बरोबरच आहे. तोवर काकाही गेले असतील तर त्यांची बायको-मुलं यात येतात. म्हणून आजी हयात आणि शुद्धीत असेल तर तिच्या हिश्श्याचं काय करायचं ते आधी ठरवा; बाकीचं सगळं थांबू शकतं.

आणखी दोन गैरसमज इथेच मिटवून टाकू. वडिलांनी पगारातून घेतलेला फ्लॅट 'वडिलोपार्जित' नसतो. ती त्यांची स्वकष्टार्जित मिळकत, तिचं मृत्युपत्र ते कोणाच्याही नावे करू शकतात, आणि ते हयात असताना मुलांना त्यात जन्मसिद्ध हक्क नसतो. दुसरं, पहिलं लग्न मोडलेलं नसताना केलेल्या दुसऱ्या लग्नाची पत्नी वारस ठरत नाही, पण त्या लग्नातली मुलं वडिलांच्या मिळकतीत वारस ठरतात. कुटुंबात असं काही असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. सहाव्या महिन्यात जाहीर नोटिशीला हरकत आल्यावर कळलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

स्त्रीच्या मिळकतीला कलम १५ वेगळं आहे. मुलं आणि नवरा हे पहिले. मूल नसेल, तर माहेरून वारशाने आलेली मिळकत माहेरच्या वारसांकडे जाते आणि सासरकडून आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. त्यामुळे अपत्य नसलेल्या मावशीचा किंवा आत्याचा फ्लॅट असेल तर तो तिच्याकडे आला कसा, हे आधी शोधायचं.

कागद गोळा करणं

मृत्यू जिथे झाला तिथे नोंदतात, माणूस राहत होता तिथे नाही. घर सिंहगड रस्त्याला आणि मृत्यू चिंचवडच्या हॉस्पिटलात, तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटल ती करतं, घरी मृत्यू झाला तर घरच्यांना करावी लागते. दहा तरी प्रती घ्या. त्याआधी स्पेलिंग तपासा: मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, करारनाम्यावर मधलं नाव नाही आणि शेअर सर्टिफिकेटवर आडनावाचं वेगळंच रूप, असं असेल तर 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र प्रत्येक दारात द्यावं लागतं.

फ्लॅटसाठी मूळ करारनामा, सूची क्रमांक २ म्हणजे इंडेक्स टू, आधीच्या मालकांचे करार असतील तर ते, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती, आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचं बेबाकी पत्र. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून ज्या दुय्यम निबंधकाकडे (हवेली क्रमांक इतका-तितका, ते दस्ताच्या शिक्क्यावरच असतं) नोंदणी झाली तिथून प्रमाणित प्रत काढा.

सोसायटी की अपार्टमेंट?

हा प्रश्न पुण्यात विचारावाच लागतो, कारण इथे अपार्टमेंट कायदा, १९७० खालच्या इमारती भरपूर आहेत. कागदांत 'डीड ऑफ अपार्टमेंट' असेल आणि शेअर सर्टिफिकेट नसेल, तर ती सहकारी सोसायटी नाही. तिथे शेअर हस्तांतरणाची प्रक्रियाच नाही. वारसाचे कागद आणि नोंदवलेला दस्त यांवरच काम होतं.

सहकारी सोसायटीत नॉमिनीला मालकी मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो, खरे वारस दाखल होईपर्यंत. वारसांच्या वतीने तो एक प्रकारचा विश्वस्त. शेअर बाजारातल्या शेअरबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे. अपवाद आयुर्विम्याचा: २०१५च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याचे पैसे त्यांचेच होतात.

तरीही नामांकन असणं सोयीचंच. सोसायटीचा पत्रव्यवहार, देखभाल खर्च, सभेतलं मत यांत अडकायला होत नाही. नामांकन नसेल तर आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटी दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवते, आणि खर्च अर्जदाराकडून घेते. वारसाकडून हस्तांतरणाचं प्रीमियम मागता येत नाही. हस्तांतरण फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये, एवढंच. 'बिल्डिंग फंडाला काही द्या' असं कोणी म्हणालं तर ती देणगी, आणि देणगी ऐच्छिक असते. अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या. कमिटीने मुद्दाम लांबवलं, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाताना तोच कागद कामाला येतो.

सोसायटी पानशेत पूरग्रस्त वसाहतीतली किंवा इतर सरकारी जमिनीवरची असेल तर जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली, आहे का ते पाहा. वारसाने नाव लागणं वेगळं आणि पुढे विक्री करणं वेगळं. विक्रीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो.

मृत्युपत्र असेल तर

पुण्यातली मिळकत, पुण्यात केलेलं मृत्युपत्र: प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं नाही. ती सक्ती मुंबई शहराच्या हद्दीशी जोडलेली होती, पुण्याला लागू नव्हती. मुंबईच्या ओळखीच्यांनी 'आम्हाला प्रोबेट घ्यावं लागलं' असं सांगितलं की इथली सोसायटीही ते मागू लागते. त्यांना हा फरक लेखी कळवा. मात्र वारसांपैकी कोणी मृत्युपत्र मान्य करत नसेल तर सक्ती नसली तरी प्रोबेट घेणं शहाणपणाचं, कारण एरवी तो वाद पुढच्या खरेदीदारासमोर उघडा पडतो.

मृत्युपत्र टिकतं का ते साक्षीदारांवर ठरतं. किमान दोन साक्षीदार हवेत, आणि प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा 'ही माझी सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं. कोर्टात ते शाबीत करताना हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी बोलवावं लागतं. म्हणून पंचाहत्तरीच्या माणसाच्या मृत्युपत्राला पंचाहत्तरीचे दोन मित्र साक्षीदार घेऊ नका. ज्याला मिळकत मिळणार आहे त्यालाही साक्षीदार करू नका. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्याने देणगी बाद होत नाही, पण संशयाला जागा मिळते. नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी फी १०० रुपये. एवढ्या पैशात मिळणारं संरक्षण दुसरं नाही, तरी नोंदवलेलं मृत्युपत्र म्हणजे आव्हान न देता येणारं मृत्युपत्र असं समजू नका. त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून ठेवलं तर 'शुद्धीत नव्हते' ही हरकत बरीच बोथट होते.

मृत्युपत्र नसेल तर: कोणता दाखला?

इथे तीन कागदांची सर्रास गल्लत होते.

सक्सेशन सर्टिफिकेट भारतीय वारसा कायदा, १९२५ खाली मिळतं आणि ते फक्त येणं आणि रोखे यांच्यासाठी: ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, कोणाकडून यायचे पैसे. फ्लॅटसाठी ते चालत नाही. स्थावरासाठी महाराष्ट्रात वारस दाखला लागतो, तो १८२७च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली दिवाणी न्यायालय देतं. दोनशे वर्षांचा हा कायदा अजून रोज वापरात आहे. तिसरा कागद गावाकडच्या वारस नोंदीचा किंवा तहसीलमधल्या वारसांच्या यादीचा. तो महसुली कामाला उपयोगी. बँक किंवा सोसायटीने तो नाकारला तर तक्रार करण्यात अर्थ नाही.

पहिल्या दोन्ही दाखल्यांचे अर्ज शिवाजीनगर कोर्टात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातात. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळ, सर्व वारसांचे पत्ते, मिळकतीचं नेमकं वर्णन किंवा खाते क्रमांक आणि रकमा, आणि इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. कोर्ट जाहीर नोटीस काढतं, वारस दाखल्याच्या नोटिशीत हरकतीला एक महिना असतो, मग पुराव्याचं शपथपत्र आणि आदेश. वाद नसला तरी काही महिने धरूनच चला. उशीर होतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: एखाद्या वारसाचा पत्ता चुकल्याने नोटीस परत येते, किंवा यादीतून एक ठेव राहून जाते आणि तिच्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून अर्जाआधी सगळ्या बँकांकडून मृत्यूच्या तारखेची शिल्लक लेखी घ्या.

पण दाखल्याची गरज आहे का, हे आधी तपासा. सगळे वारस एकमताचे असतील आणि सोसायटी तयार असेल तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यावर काम होतं. कलम १५४ब-१३ मध्ये कौटुंबिक व्यवस्थेचा उल्लेख आहे. कोर्टाची वाट त्यामुळे टळते.

हक्कसोडपत्र

वारसाने आलेला हिस्सा जवळच्या नात्यात विनामोबदला सोडला तर मुद्रांक नाममात्र लागतो, २०२४ पासून ५०० रुपये. दस्त नोंदवलाच पाहिजे. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या हक्कसोडीने स्थावरातला हिस्सा सुटत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करा, नंतर दंड चढतो.

चुका कुठे होतात ते पाहा. वरच्या उदाहरणात पत्नीचा, म्हणजे मुलांच्या आईचा, स्वतःचा अर्धा हिस्सा हक्कसोडपत्राने मुलाला देता येत नाही, कारण तो वारसाने आलेलाच नाही. त्याला बक्षीसपत्र लागतं. मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक २०० रुपये असला तरी महापालिका हद्दीत बाजारमूल्यावर टक्केवारीने स्थानिक अधिभार लागतो. दुय्यम निबंधकाकडे टोकन घेतल्यावर हे कळलं की दिवस गेलाच समजा. पैसे घेऊन हक्क सोडायचा असेल तर मुद्रांकाचा आणि भांडवली नफ्याचा हिशोब आधी करून घ्या. वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर त्याच्या वतीने आईने केलेली हक्कसोड किंवा विक्री कोर्टाच्या परवानगीशिवाय झाली म्हणून तो मुलगा पुढे रद्द करून घेऊ शकतो. खरेदीदाराच्या वकिलाला हे माहीत असतं.

मग कोणी कोणाला सोडायचं? बहुतेक घरांत आईकडून सही घेऊन सगळं मुलाच्या नावावर करायची घाई असते. आमचं मत उलट आहे. मुलांनी आणि आजीने आपले हिस्से आईकडे सोडावेत आणि आईने नोंदवलेलं मृत्युपत्र करावं. तिचं छत तिच्याच नावावर राहतं, अधिभार वाचतो, आणि पुढचा वारसा एका कागदात मिटतो. यातला धोका एकच, मृत्युपत्र ती कधीही बदलू शकते. तो तिचा हक्कच आहे.

मुलगा अमेरिकेत असेल तर तिथे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचं सरकारी साक्षांकन) केलेलं किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र लागतं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरावा लागतो. पाकीट कपाटात राहतं, मुदत जाते आणि पुन्हा सगळं करावं लागतं. त्यात 'हक्कसोडपत्रावर सही करणे आणि ते नोंदवणे' असे नेमके शब्द हवेत. 'सर्व कामे' एवढ्यावर भागत नाही.

गावाकडची जमीन आणि पेठेतला वाडा

सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं, ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतूनही चालतं. फेरफार घातल्यावर नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लग्न झालेल्या बहिणींना यादीतून गाळू नका. त्यांची नावं फक्त 'इतर हक्कात' टाकायची जुनी रीत आहे, तीही मान्य करू नका. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, पण चुकीचा फेरफार वीस वर्षांनी काढून टाकणं महागात पडतं. कुळकायद्यातून मिळालेली जमीन असेल तर वारस नोंदीला अडचण नाही, विक्रीला परवानगी लागू शकते.

पेठेत सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, आणि काम नगर भूमापन कार्यालयात. पत्रिकेवर अजून पणजोबा असतील तर मधल्या प्रत्येक मृत्यूचा दाखला आणि प्रत्येक पिढीचे वारस क्रमाने लावावे लागतात. वाड्यात भाडेकरू असतील तर त्यांचाही वारसा असतो: भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो, आणि तसा कोणी नसेल तर वारस.

बँक, आणि वडिलांची कर्जं

नॉमिनी असेल तर बँक सक्सेशन सर्टिफिकेट मागू शकत नाही. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकांसाठी ५ लाखांपर्यंत, सोप्या कागदांवर दावा निकाली काढायची तरतूद आहे. पुण्यात ठेवी सहकारी बँकांत विखुरलेल्या असतात, म्हणून ही मर्यादा बँकेगणिक पाहा. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आईच्या खात्यांना आजच लावून टाका.

कर्ज वारसाला स्वतःच्या खिशातून फेडावं लागत नाही. जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच. गृहकर्जाला विमा जोडलेला होता का ते आधी विचारा, हप्ते नंतर. वडील एखाद्या कंपनीच्या कर्जाला जामीन होते असं कळलं, तर मिळकत वाटण्याआधी थांबा आणि जामीनपत्र वाचून घ्या.

वारसांपैकी एक भाऊ कर्जबाजारी असेल आणि त्याने आपला हिस्सा बहिणीला फुकट सोडला, तर तो दस्त धोक्यात असतो. पुण्यातल्या सामान्य व्यक्तीची नादारी, म्हणजे दिवाळखोरी, अजून १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याने जिल्हा न्यायालयात चालते. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग आतापर्यंत कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू आहे. जुन्या कायद्याप्रमाणे हस्तांतरणानंतर दोन वर्षांत नादारीचा अर्ज झाला आणि तो नादार ठरला, तर विनामोबदला दस्त रिसीव्हर (नादाराची मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) रद्द करून घेऊ शकतो. धनकोही स्वतंत्रपणे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली जाऊ शकतात. अशा भावाचा हिस्सा बाजारभावाने घ्या, रक्कम बँकेतून द्या आणि मुद्रांक पूर्ण भरा.